त्या मुलाच्या नावाचा एक कागद

देवीचा रोग पृथ्वीतलावरून नाहीसा झाल्याची घोषणा १९८० साली झाली. पोलिओमुक्त देश म्हणून भारताला २०१४ साली मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो, त्याचे निदान १९५० च्या आसपास म्हणजे जवळजवळ निश्चित मृत्यूचा निरोपच असे. आज प्रगत देशांत अशी बहुसंख्य मुले बरी होऊन शाळेत परत जातात. वैद्यकशास्त्राच्या या यशाचा अभिमान वाटावा, यात गैर काहीच नाही. परंतु प्रत्येक यशाच्या जमाखर्चात एक रकाना असा असतो की, ज्याकडे पाहणे आपण टाळतो. ज्यांचा कर्करोग उपचारांना दाद देत नाही अशी मुले, ज्यांचे स्नायू वर्षागणिक क्षीण होत जातात अशी मुले, जन्मतःच मेंदूला वा हृदयाला झालेल्या इजेमुळे ज्यांचे आयुष्य तोकडे ठरले आहे अशी मुले त्या रकान्यात असतात. त्यांच्या आईबापांना कधी ना कधी एक वाक्य ऐकावे लागते : ‘आता करण्यासारखे काही उरलेले नाही; मुलाला घरी घेऊन जा.’

हे वाक्य उच्चारणारा डॉक्टर निर्दय असतो असे नव्हे. पुष्कळदा तो थकलेला असतो, हतबल असतो आणि जे शिकला ते संपले, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत असते. पण हे वाक्य वैद्यकीय दृष्ट्या चुकीचे आहे. रोग बरा करण्यासारखे काही उरलेले नसेल. त्या मुलासाठी करण्यासारखे मात्र पुष्कळ उरलेले असते. ते काय, ते कोणी, केव्हा व कोठे करावयाचे, याचा विचार आधी करून तो त्या मुलाच्या नावाने कागदावर उतरविणे, याला वैयक्तिक शुश्रूषा-आराखडा असे म्हणता येईल. प्रस्तुत लेखाचा विषय हा एवढाच कागद आहे. तो दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या असण्या-नसण्यावर एका मुलाचे अखेरचे महिने आणि एका कुटुंबाची पुढली अनेक वर्षे अवलंबून असतात.

पांघरूण घालणारे शास्त्र

रोग हटविता येत नसेल तेव्हाही रोग्याच्या यातना हटविणारी जी वैद्यकशाखा आहे, तिला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत तिला उपशामक शुश्रूषा असे नाव रूढ होत आहे. मूळ शब्दाच्या पाठीशी लॅटिन भाषेतील ‘पॅलियम’ म्हणजे अंगरखा, पांघरूण हा शब्द आहे. थंडी थांबविता येत नसली तरी कुडकुडणाऱ्याच्या अंगावर घोंगडी घालता येते, असा त्याचा भाव. या शाखेचा आधुनिक प्रारंभ डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानला जातो. वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाची भीती, कुटुंबाची काळजी आणि ‘माझ्याच वाट्याला हे का’ हा प्रश्नही मिसळलेला असतो, हा त्यांचा मूलगामी विचार होता. मुलांसाठी असे पहिले स्वतंत्र घर, हेलन हाउस, १९८२ साली ऑक्सफर्ड येथे सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांच्या प्रयत्नाने उभे राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ साली मुलांच्या उपशामक शुश्रूषेची जी व्याख्या केली, तिच्यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, ही शुश्रूषा मुलाचे शरीर, मन व आत्मा यांची समग्र काळजी असून तीत कुटुंबाला आधार देणेही अंतर्भूत आहे. दुसरी अशी की, तिची सुरुवात रोगाचे निदान झाल्या दिवसापासून व्हावी, मग रोग हटविण्याचे उपचार चालू असोत वा नसोत. उपशामक शुश्रूषा म्हणजे अखेरच्या आठवड्यात नेऊन सोडण्याचे ठिकाण, ही आपल्याकडची समजूत या व्याख्येला मुळातच धरून नाही.

ही गरज किती मोठी आहे? ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ साली असा अंदाज मांडला की, जगात दरवर्षी सुमारे २५ लाख मुले गंभीर यातना सोसत मृत्यू पावतात आणि त्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मुले गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. हा प्रश्न मुख्यतः आपल्यासारख्यांच्या अंगणातलाच आहे, हे यावरून उघड व्हावे.

सरसकट नियम का चालत नाही

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, हे बालरोगशास्त्राचे पहिले सूत्र. तरीही मुलांच्या वेदनेबाबत वैद्यकशास्त्र फार काळ बेफिकीर राहिले. नवजात अर्भकांना वेदनेची जाणीव पुरेशी नसते, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही प्रचलित होती आणि तिच्यापायी पुष्कळ अर्भकांवर अपुऱ्या भुलीखाली शस्त्रक्रिया होत. १९८७ साली डॉ. आनंद व डॉ. हिकी यांच्या शोधनिबंधाने या समजुतीला जोराचा धक्का दिला. मूल बोलत नाही म्हणून त्याला दुखत नाही, असे मानणे सोयीचे होते. ते खरे नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या दीर्घकालीन वेदनेवरील उपचारांची सूत्रे प्रसिद्ध केली. औषध दुखू लागल्यावर देण्याऐवजी घड्याळाच्या काट्याप्रमाणे द्यावे, शक्य तेथे तोंडावाटे द्यावे आणि प्रत्येक मुलागणिक ते ठरवावे, असे त्यांत सांगितले आहे. यांतील ‘प्रत्येक मुलागणिक’ हे शब्द आपल्या विषयाचे मर्म आहेत. मुलाच्या औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते, आणि आजारी मुलाचे वजन तर महिन्यागणिक बदलते. पाच वर्षांचे मूल दुखणे चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवून सांगू शकते. मेंदूच्या पक्षाघाताने वाचा नसलेले मूल ते मुठी आवळून, पाठ ताणून वा एकाएकी गप्प होऊन सांगते. ती खूण जगात बहुधा एकाच व्यक्तीला ओळखता येते, आणि ती म्हणजे त्याची आई. आईच्या डोक्यातील हे ज्ञान कागदावर आले नाही, तर रात्रपाळीच्या सिस्टरला ते समजणार कसे?

शिवाय ही मुले एकाच प्रकारच्या दुखण्याची नसतात. १९९७ साली ब्रिटनमध्ये त्यांचे चार गट पाडण्यात आले आणि ते आजही उपयोगी ठरतात. पहिला गट कर्करोगासारख्या, बरे होणे शक्य पण अनिश्चित अशा आजारांचा. दुसऱ्या गटात, दीर्घ उपचारांनी आयुष्य वाढते पण अकाली मृत्यू टळत नाही, अशी मुले मोडतात. तिसरा गट निदानापासूनच ज्यांवर रोगहारक इलाज नाही, अशा वाढत जाणाऱ्या आजारांचा. चौथ्या गटात, रोग वाढत नसला तरी त्याच्या गुंतागुंतीने जीव केव्हाही धोक्यात येऊ शकतो, अशी मुले येतात. तीव्र स्वरूपाचा मेंदूचा पक्षाघात हे त्याचे उदाहरण. पहिल्या गटातील मुलाचा प्रवास काही महिन्यांचा असू शकतो. चौथ्या गटातील मुलाचा पंधरा-वीस वर्षांचा. दोघांना एकच छापील पत्रक लावणे म्हणजे सर्वांना एकाच मापाचा सदरा शिवणे होय.

कागदावर काय असावे

कल्पना करा की, मराठवाड्यातील एका खेड्यातली आठ वर्षांची मुलगी मुंबईत दोन वर्षे कर्करोगाचे उपचार घेऊन गावी परतली आहे. रोग उलटला आहे. आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, डिस्चार्ज कार्डे, तपासण्यांचे अहवाल असा शेरभर कागद आहे. एका रात्री मुलीला असह्य वेदना होतात, दम लागतो. बाप कोणाची तरी जीप मिळवतो. तालुक्याचा डॉक्टर पिशवीतील कागद चाळतो, त्याला काही उलगडत नाही. तो सलाईन लावतो आणि जिल्ह्याला पाठवतो. जिल्ह्याचे रुग्णालय अतिदक्षता विभागात जागा नाही म्हणून आणखी पुढे पाठवते. अशा प्रवासाचा शेवट कोठे होतो, हे सांगण्याची गरज नाही. यात कोणीही दुष्टपणे वागलेला नाही. प्रत्येकाने नियमाप्रमाणे केले, आणि मुलीच्या वाट्याला अखेरची रात्र रस्त्यावर आली.

आता त्याच पिशवीत सर्वांत वर दोन पानांचा एक आराखडा आहे, असे समजा. त्याच्या पहिल्या ओळीत मुलीचे घरात हाक मारण्याचे नाव आहे. तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, सुई टोचताना कोणाचा हात तिला हवा असतो, हे आहे. त्याखाली आजार कोणता व तो आज कोणत्या टप्प्यावर आहे, हे साध्या मराठीत आहे. आजाराविषयी तिला स्वतःला काय सांगितले आहे आणि कोणत्या शब्दांत, हेही आहे. म्हणजे नवा डॉक्टर तिच्यासमोर भलतेच बोलून बसणार नाही.

पुढे संभाव्य त्रासांची यादी आहे. वेदना वाढली तर मॉर्फिनच्या ठरलेल्या मात्रेखेरीज किती जादा द्यावयाचे. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठ होतोच, म्हणून त्याचे औषध कोणते. दम लागल्यास काय. फेफरे आल्यास नाकात फवारण्याचे औषध कोठे ठेवले आहे. कोणत्या परिस्थितीत घरीच थांबावे व कोणत्या परिस्थितीत न्यावे. रात्री दोन वाजता कोणाला फोन करावयाचा. आधी विचार करून ठेवलेले उत्तर घाबरलेल्या माणसाच्याही हाताशी येते. घाबरल्यावर नवा विचार सुचत नाही.

त्यानंतरचा भाग सर्वांत अवघड. प्रकृती एकाएकी ढासळली तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत? हा प्रश्न ‘सर्व काही करा’ किंवा ‘काहीच करू नका’ अशा दोन टोकांचा नसतो. जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविके द्यावीत, रक्त कमी झाल्यास तेही द्यावे, पण कृत्रिम श्वासयंत्र लावू नये, असा निर्णय एखादे कुटुंब घेऊ शकते. दुसरे कुटुंब वेगळा घेईल. दोन्ही निर्णय आदरास पात्र आहेत. मात्र ते शांतपणे, समजून व डॉक्टरांशी बोलून घेतलेले असावेत. मुलीला अखेरीस कोठे राहावयाचे आहे. घरी, आजोळी, की रुग्णालयात? देवाधर्माचे कोणते आचार कुटुंबाला महत्त्वाचे वाटतात? धाकट्या भावाला कोण सांभाळील, त्याला कोण सांगेल? आणि मुलगी गेल्यानंतर त्या आईकडे कोण, किती दिवस येत राहील? शेवटी आराखड्यावर तारीख असते आणि तो पुन्हा केव्हा तपासावयाचा, हेही लिहिलेले असते. कारण हा शिलालेख नव्हे. मूल बदलते, रोग बदलतो, मन बदलते, तसा कागदही बदलला पाहिजे.

आशा आणि तयारी

‘असा कागद करणे म्हणजे मुलाच्या मरणाची वाट पाहणे होय’, हा पहिला व सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप. जोवर श्वास तोवर आस ही आपल्या समाजाची वृत्ती आहे आणि तिची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु आशा आणि तयारी यांत वैर आहे, हे गृहीतच तपासून पाहावयास हवे. मृगाच्या पावसाची आशा धरून पेरणी करणारा शेतकरी गुरांसाठी कडब्याची गंजही रचून ठेवतो. त्यामुळे त्याची पावसावरची श्रद्धा कमी झाली, असे कोणी म्हणत नाही.

इंग्लंडमध्ये आरोग्यसेवेची मार्गदर्शक सूत्रे ठरविणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली आयुर्मर्यादित आजार असलेल्या मुलांविषयी जी सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत या विचाराला समांतर नियोजन म्हटले आहे. बरे होण्याच्या किंवा प्रकृती स्थिरावण्याच्या वाटेची आखणी एकीकडे आणि न झाल्यास काय, याची आखणी दुसरीकडे. दोन्ही एकाच वेळी चालाव्यात. प्रत्येक मुलामागे जबाबदार असा एक तज्ज्ञ डॉक्टर नावानिशी ठरलेला असावा, आराखडा मूल व पालक यांच्याबरोबर बसून करावा, तो वेळोवेळी तपासावा आणि मुलाची काळजी घेणाऱ्या सर्वांच्या हाती त्याची प्रत असावी, असेही तीत सांगितले आहे.

तयारी नसली की केवळ श्रीमंती उपयोगी पडत नाही, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथे, कर्करोगाने मूल गमावलेल्या १०३ पालकांच्या मुलाखती घेऊन डॉ. जोॲन वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०००मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अखेरच्या महिन्यात ८९ टक्के मुलांनी निदान एका तरी लक्षणाचा फार त्रास सोसला होता, असे पालकांनी सांगितले. आणि ज्यांच्या वेदनेवर उपचार झाले, त्यांपैकी केवळ २७ टक्के मुलांत ते यशस्वी ठरले होते. जगातील उत्तमांत गणल्या जाणाऱ्या रुग्णालयांची ही कथा आहे. उपकरणांनी न सुटणारा काही भाग या प्रश्नात आहे, आणि तो भाग आधी विचारण्याचा व ऐकण्याचा आहे.

मुलाला सांगावे काय?

दुसरा आक्षेप असा की, मुलाला यातले काही कळता कामा नये. आईबाप मुलासमोर हसतात आणि जिन्यात जाऊन रडतात. मानवशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांमध्ये वावरून केलेला अभ्यास १९७८ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे. कोणीही न सांगता या मुलांना आपण मरणार आहोत, हे कळलेले होते. वॉर्डातील इतर मुलांकडून, मोठ्यांच्या कुजबुजीतून, बदललेल्या औषधांतून ती ते शिकली होती. आणि आईबापांना दुःख होऊ नये म्हणून तीही न कळल्याचे सोंग करीत होती. दोन्ही बाजूंनी चाललेल्या या नाटकात मूल एकटे पडते. ज्यांना विचारावयाचे, त्यांनाच ते सांभाळत बसते.

स्वीडनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कर्करोगाने मूल गमावलेल्या पालकांना विचारण्यात आले की, मुलाशी मृत्यूविषयी बोललात काय? बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप नव्हता. न बोललेल्या २५८ पैकी ६९ जणांना, म्हणजे चौघांतील एकाहून अधिकांना, बोलावयास हवे होते, अशी खंत होती. स्वीडनचे कुटुंब आणि आपले कुटुंब एक नव्हे, हे खरे. प्रत्येक मुलाला सर्व काही सांगावे, असा नियमही यातून निघत नाही. निघते ते एवढेच की, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला दाराशी अडवू नये. त्याला जेवढे हवे तेवढे, त्याच्या वयाच्या भाषेत सांगावे. आराखडा करताना ‘तुला काय वाटते?’ हा प्रश्न मुलाला विचारला गेला, तर पुष्कळदा त्याचे उत्तर मोठ्यांच्या कल्पनेपेक्षा साधे असते. घरी जावयाचे आहे. आजीजवळ निजावयाचे आहे. चित्रकलेची वही हवी आहे.

आपल्याकडील चित्र

हा विचार परदेशी आहे आणि आपल्याला परवडणारा नाही, असेही म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना, मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी सुरू केले. पुढे गोव्यात व दिल्लीतही त्याच्या शाखा निघाल्या. केरळात १९९३ साली कालिकत येथे डॉ. एम. आर. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी लावलेल्या रोपट्यातून शेजारीपाजारी स्वयंसेवकांचे मोठे जाळे उभे राहिले आणि २००८ साली त्या राज्याने उपशामक शुश्रूषेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले. महाराष्ट्रात २०१० साली मुलांसाठी खास प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा मुंबईच्या शीव रुग्णालयाबरोबर तेव्हाच्या ठाणे व आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार या आदिवासी भागाचीही त्यासाठी निवड झाली. परळच्या टाटा रुग्णालयात २०१२ पासून या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने परगावच्या कर्करुग्णांना कित्येक वर्षे जो आसरा दिला, तो याच धर्माचा भाग आहे. पांघरूण घालण्याची कल्पना आपल्याला कोणी शिकवावी लागत नाही; ती सर्वांपर्यंत पोहोचवावी लागते.

अडचणी खऱ्या आहेत. मॉर्फिनचेच पाहा. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात अफूची अधिकृत लागवड होते. तिच्यापासून निघणारी औषधी द्रव्ये जगाला उपयोगी पडतात. आणि आपल्याच देशातील मूल वेदनेने तळमळते, कारण जवळच्या औषधाच्या दुकानात मॉर्फिन नसते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने गुन्हेगारांबरोबर डॉक्टरांनाही धाक घातला. राज्याराज्यांच्या परवान्यांच्या जंजाळात औषध अडकून पडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम पुष्कळ सोपे केले; पण कायदा बदलला म्हणजे सवय बदलते असे नाही. ज्या आराखड्यात मॉर्फिनची मात्रा लिहिली आहे आणि ज्या तालुक्यात मॉर्फिनच मिळत नाही, तेथे तो कागद उपहासच ठरेल. म्हणून आराखड्याची मागणी करणाऱ्याने औषधाच्या उपलब्धतेची मागणीही त्याच दमात केली पाहिजे.

कायद्याचे भय हाही एक अडसर. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून उपचारांविषयी आगाऊ इच्छापत्र करण्यास मुभा दिली आणि २०२३ साली तिची कार्यपद्धती सुलभ केली. ही मुभा सज्ञान व्यक्तींपुरती आहे. मुलाच्या आराखड्याला त्या इच्छापत्राचा दर्जा नाही. परंतु आराखड्याचा फार मोठा भाग वेदना, श्वास, झोप, अन्न, शाळा व घर यांच्याविषयीचा असतो आणि त्यासाठी कोणत्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही. एका अवघड परिच्छेदाच्या भयाने संपूर्ण कागदच न लिहिणे, हे शहाणपणाचे नव्हे.

कागदाचा धोका

तिसरा आक्षेप या स्तंभाचे वाचक स्वतःच घेतील, कारण त्यांतील पुष्कळजण कागदांतच वावरणारे आहेत. आपल्या देशात चांगल्या कल्पनेचा छापील नमुना होतो, नमुन्याच्या तीन प्रती होतात, त्यांवर सह्या-शिक्के होतात आणि कल्पना फायलीत मरते. आराखड्याचेही तसेच झाले तर? घाईघाईने ‘होय/नाही’च्या चौकटी भरून, रडणाऱ्या बापाची सही घेऊन मोकळे होणाऱ्या रुग्णालयात हा कागद मुलाचे रक्षण करण्याऐवजी संस्थेचे रक्षण करू लागेल. हा धोका काल्पनिक नाही. त्यावर उपाय एकच : कागदाआधी संभाषण. आराखडा म्हणजे त्या संभाषणाचे टिपण. संभाषण झालेच नसेल, तर टिपणाला अर्थ नाही. ते एका बैठकीत होत नाही. आणि त्यात बहुधा घरातील कर्ता पुरुषच बोलतो. रात्रंदिवस मुलाजवळ बसणारी आई पदराआड गप्प असते. तिला वेगळे विचारण्याची दक्षता ज्याने घेतली, त्याचाच आराखडा खरा.

गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला वेळ कोठून मिळणार, हे विचारणेही रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, सर्व काम डॉक्टरानेच करावे लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका, समाजसेवक, गावातील आशा कार्यकर्ती यांना यातील मोठा वाटा उचलता येतो. आणि वेळेचा हिशेबच मांडावयाचा, तर आराखड्याअभावी या रुग्णालयातून त्या रुग्णालयात होणाऱ्या फेऱ्या, पुन्हापुन्हा होणाऱ्या त्याच तपासण्या आणि त्यापायी विकले जाणारे शेत व गहाण पडणारे दागिने यांचाही हिशेब मांडला पाहिजे.

शाळा आणि कचेरी

या कामात वैद्यकीय पेशाबाहेरच्या माणसांनाही स्थान आहे. आजारी मुलाच्या आराखड्यात शाळेचा एक परिच्छेद असावा, असे या क्षेत्रातील जाणते आग्रहाने सांगतात. थोडे दिवस उरलेल्या मुलाला शिकून काय करावयाचे, असा प्रश्न मोठ्यांना पडतो. मुलाला तो पडत नाही. त्याच्या लेखी शाळा म्हणजे आपण इतरांसारखे आहोत, याचा पुरावा. दीर्घ गैरहजेरीमुळे हजेरीपटावरून नाव न कमी करणारा मुख्याध्यापक, केस गेलेल्या मुलीला वर्गात कोणी हसणार नाही अशी आधीच तजवीज करणारी बाई, शनिवारी घरी जाऊन तासभर गणित शिकविणारे गुरुजी हे त्या मुलाच्या शुश्रूषेचे भागीदारच होत. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने दिला आहे. तो कागदावरून घरापर्यंत नेणे शिक्षकाच्याच हाती असते. त्या मुलाचा भाऊ वा बहीण आपल्याच शाळेच्या दुसऱ्या वर्गात गप्प बसलेली असेल, हेही शिक्षकालाच प्रथम दिसते.

कचेरीतील कारकुनाचा संबंध यात कोठे येतो? तो येतो प्रवास-सवलतीच्या अर्जापाशी, अपंगत्वाच्या दाखल्यापाशी, बापाच्या रजेच्या प्रकरणापाशी. ज्या घरात आजारी मूल आहे, त्या घरातील माणसाला ‘उद्या या’ हे दोन शब्द किती महाग पडतात, याची कल्पना आली की एखादी सही आजही होऊ शकते. आणि जे विद्यार्थी उद्या डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक होणार आहेत, त्यांनी ‘करण्यासारखे काही उरलेले नाही’ हे वाक्य आपल्या शब्दकोशातून आजच काढून टाकावे.

मागणी फार मोठी नाही. राज्यातील ज्या ज्या रुग्णालयात दुर्धर आजाराच्या मुलाचे निदान होते, तेथून ते मूल नावानिशी एक आराखडा, एक जबाबदार डॉक्टर आणि रात्री उचलला जाणारा एक फोन एवढे घेऊन घरी जावे. आणि त्याच्या तालुक्यात मॉर्फिन मिळावे. याला नवी इमारत लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. लागतो तो वेळ, आणि समोरचे मूल हे एका रोगाचे उदाहरण नसून एक मूल आहे, ही जाण. आयुष्य वाढविणे पुष्कळदा आपल्या हाती नसते. जेवढे आहे तेवढे दुखण्यावाचून, भीतीवाचून आणि आपल्या माणसांत जावे, हे मात्र बहुतांशी आपल्या हाती असते. आणि जे हाती आहे ते न करण्याला समाजाजवळ कोणतेही समर्थन नाही.